शालूबाईच्या पत्राची झेरॉक्स

नारायणरावांनी आयुष्यात एकच पत्र अनुत्तरित ठेवलं, ते शालूबाईचं. मलकापुरातून निघणाऱ्या त्यांच्या चार पानी साप्ताहिकाची चाल अशी, की वाचकाचं साधं कार्ड आलं तरी दोन ओळींचं उत्तर जायचंच. शालूबाईचं पत्र मात्र सव्वा वर्ष टेबलाच्या काचेखाली पडून होतं.

वरवट बकाल गावच्या या बाईनं वहीच्या दोन पानांवर लिहिलं होतं. घरकुलाच्या यादीत ती अपात्र ठरली होती. पंचायत समितीच्या कॉम्प्युटरवर तिच्या नावापुढे जो फोटो होता तो तिच्या टिनाच्या घराचा नव्हताच. शेजारच्या दिराच्या स्लॅबच्या घराचा होता. ‘त्या घरात मले कोणी पानी प्याले बी बोलवत नाही. साहेब, हा फोटो कोणी चढवला त्याचं नाव सांगा. बाकी काही मांगत नाही.’ खाली निळ्या शाईत, एकेक अक्षर जुळवून केलेली सही: शालूबाई पुंजाजी.

नारायणराव माणूस पुस्तकातला. दुसरी बाजू घेतल्याशिवाय तक्रार छापायची नाही, हा नियम त्यांनी चाळीस वर्षं सोवळ्यासारखा पाळला होता. त्यांनी दोन्ही पानांची झेरॉक्स काढली, ‘आपला खुलासा कळवावा’ असं वर लिहिलं आणि पंचायत समितीला पाठवून दिली. नाव झाकावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. बिननावाची तक्रार त्यांना अर्धवट वाटायची.

खुलासा आला नाही. वीसेक दिवसांनी उकंडराव आला. हा हिंमतरावांची कामं बघणारा माणूस. आणि त्या भागात हिंमतरावांना विचारल्याशिवाय यादीतलं नाव हलत नसे. घरांचे फोटो काढायचा सर्व्हेही त्यांच्या पुतण्याकडेच होता. उकंडरावाच्या हातात तीच झेरॉक्स होती.

“सर, तुम्ही त शिकेल माणसं. कायले बाईमाणसाच्या नादी लागता?”

“पत्र आलं, म्हणून विचारलं,” नारायणराव म्हणाले.

“मंग आम्ही बी तिले विचारलं. थे म्हणते, म्या असं लेहलंच नाही. हे घ्या.”

त्यानं एक कागद पुढे सरकवला. गैरसमजातून केलेली तक्रार मागे घेत आहे, असा टाइप केलेला मजकूर, आणि खाली अंगठा. नारायणरावांनी अंगठा पाहिला. मग काचेखालची सही पाहिली. सही करणाऱ्या बाईनं अंगठा कधीपासून लावला, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला. तोंडातून निघालं ते, “चहा घेणार?”

“घेऊ ना,” उकंडराव म्हणाला. “साखर कमी सांगा.”

त्या आठवड्याच्या अंकात शालूबाई नव्हती. पुढच्यातही नव्हती. कोणी विचारलंही नाही. चार-पाच वेळा त्यांनी कोरा कागद घेतला, ‘शालूबाईंस नमस्कार’ लिहिलं आणि तिथंच थांबले.

“एक त पत्र लेहा, नाहीत थे काचेखालून काढा,” त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई म्हणायच्या. “दररोज त्याच्याकडेच पाहून राह्यले.”

“काय लिहू?”

“मले काय इचारता? संपादक तुम्ही.”

परवा पंचायत समितीकडून जाहीर सूचना छपाईला आली. घरकुलासाठी अपात्र ठरलेल्यांची यादी, हरकती पंधरा दिवसांत. नारायणराव प्रूफ तपासायला बसले. एकशे अठरा नंबरला शालूबाई पुंजाजी. कारण: ‘अर्जदाराने तक्रार मागे घेतल्याने प्रकरण बंद.’ शुद्धलेखन बरोबर होतं. ते एकशे एकोणीसवर गेले. यादीच्या शेवटपर्यंत वाचलं, दोन वेलांट्या सुधारल्या आणि मग परत एकशे अठरावर आले. आत काहीच हललं नाही. वाईट वाटायला हवं, एवढं कळत होतं.

त्यांनी फोन लावला. पंचायत समितीतला राजकुमार ओळखीचा होता.

“सर, आमच्या हातात काही नाही. सिस्टीमनं लॉक केलं.”

“सिस्टीम कोणाच्या हातात आहे?”

“कंपनीच्या.”

“कंपनीला कोण सांगतं?”

“आमच्याकडून यादी जाते न.”

“म्हणजे तुम्ही.”

“आम्ही कायचे? आम्ही फक्त बटन दाबतो. पासवर्ड बी कंपनीचा हाय.” राजकुमार हसला. “सर, तुम्ही त फक्त छापा. तुमच्यावर कोणी बोट ठेवनार नाही.”

नारायणरावांनी फोन ठेवला. काचेखालून पत्र काढलं आणि लिहायला घेतलं.

‘शालूबाईंस नमस्कार. उत्तराला सव्वा वर्ष लागलं. तुम्ही विचारलेलं नाव मला मिळालेलं नाही. सर्व्हे हिंमतरावांच्या पुतण्याकडे होता, एवढंच खात्रीनं सांगता येतं. तुमचं पत्र त्या लोकांच्या हातात मी दिलं. झेरॉक्स काढून, नावासकट पाठवलं. तुमच्याकडे कोण आलं, काय बोललं, हे मी तेव्हाच येऊन विचारायला हवं होतं. अंगठ्याचा कागद पाहिला आणि गप्प बसलो. हरकतीला पंधरा दिवस आहेत. अर्ज लिहून सोबत ठेवला आहे, वाचून पटला तर सही करा. सोबत तालुक्याला यायला मी तयार आहे. तुमची परवानगी असेल तर हे सगळं, माझ्या चुकीसकट, पहिल्या पानावर छापीन. नसेल तर छापणार नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय आता कुठल्याही कचेरीला एक अक्षर कळवणार नाही.’

पुन्हा वाचलं. भाषा रुक्ष वाटली, एक-दोन वाक्यं कच्ची वाटली. सुधारायला बसलो तर आणखी एक वर्ष जाईल, हे ओळखून त्यांनी हरकतीचा अर्ज लिहून पत्रासोबत घातला आणि पाकीट चिकटवलं.

“जेवून जा,” सरस्वतीबाई म्हणाल्या.

“येऊन जेवतो.”

पोस्टात रांग होती. खिडकीतल्या मुलीनं पाकीट वजनावर ठेवलं. “स्पीड पोस्ट?”

“हो.”

“पाठवणाऱ्याचं नाव?”

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. मोबाइल नंबर सांगितला. तिनं पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. नारायणराव खिडकीशी तसेच उभे राहिले.

“काका, झालं का?” मागच्यानं विचारलं.

“झालं,” ते म्हणाले आणि बाजूला सरकले.