माळ निघेपर्यंत

मित्रांनो, घाटनांदूरच्या त्रिंबक सुताराच्या पडवीत, कोपऱ्यात उभी असलेली जुनी कटर मशीन ती मीच. लाकूड चिरणं हा माझा धंदा. टेबलाच्या फटीतून माझं गोल, दातेरी पातं अर्धं वर डोकावतं. या, जवळ आलात तरी चालेल. आज माझ्या गळ्यात झेंडूची माळ आहे, आणि माळ आहे तोवर मला कोणी चालू करणार नाही. उद्याचं विचाराल, तर मलाही भीती वाटते. माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी.

माझा जन्म दूर पंजाबातला. ओतीव लोखंडाचं टेबल, खाली मोटर, मोटरीला पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पातं. पात्यावर बसायला पत्र्याचं एक झाकण होतं. पात्याच्या मागे पोलादाची पाचर उभी होती, चिरलेलं लाकूड पुन्हा मिटून पात्याला आवळू नये म्हणून. मला घडवणाऱ्या माणसाला बोटांची कदर होती, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगून ठेवते. पुढे ज्यांच्या हाती पडले, त्यांच्याविषयी मला असं सांगता येत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी रेल्वेनं घाटनांदूरला आले. गावात सुतार-लोहारांची नवी सहकारी सोसायटी निघाली होती आणि तिचे चेअरमन होते मोहनराव. मोहनराव सुतार नव्हते, लोहारही नव्हते. पण तेवढ्यावाचून चेअरमन व्हायचं काही अडत नसे. उद्घाटनाला त्यांनी मला हार घातला, माझ्या टेबलावर नारळ फोडला आणि भाषणात मला ‘आपली लक्ष्मी’ म्हटलं. त्या साऱ्या उन्हाळ्यात गावात वाया गेलेलं पाणी म्हणजे तेवढं त्या नारळाचं. भाषण इतकं लांबलं, की तेही जागच्या जागी वाळून गेलं.

तलावांची, रस्त्यांची दुष्काळी कामं निघाली होती. हजारो हातांना कुदळी, फावडी हवी होती आणि त्यांना दांडे हवे होते. दांड्याचं लाकूड बारीक. ते पात्यापाशी नेताना झाकण मध्ये येई आणि काम अडखळे. मोहनराव पाहणीला आले तेव्हा म्हणाले, “काढा बे ते टोपडं. आधी दांडे होऊ द्या, टोपडं उद्या बसवू.”

झाकण निघालं. पाचर निघाली. दोन्ही भिंतीवरच्या एका खिळ्याला टांगली गेली. पुढे लोक त्या झाकणावर सदरे वाळत घालू लागले, आत तंबाखूची पिशवी ठेवू लागले. माणसांची एक गंमत मी तेव्हापासून बघत आले आहे. उघडं पातं पहिल्या दिवशी पाहिलं की ते दचकतात, दुसऱ्या दिवशी सांभाळून वागतात आणि मग त्याच्याशेजारी बसून भाकरी खातात.

सोसायटीत आश्रुबा नावाचा सुतार होता. दांड्याचा काटा खडी फोडणाऱ्या बायांच्या हातात जाऊ नये, म्हणून तो प्रत्येक दांडा स्वतःच्या तळहातावर फिरवून बघे आणि मगच बाजूला ठेवी. त्याच्या हाताइतका मऊ स्पर्श माझ्या टेबलाला दुसरा झाला नाही.

आता लाईटची गोष्ट सांगते, नीट ऐका. लाईट गेली की माझं बटण बंद करायचं, हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बटण चालू ठेवलं तर लाईट आल्याचं आपसूक कळतं. मशीन घुमली, की बिड्या विझवायच्या आणि उठायचं. मग पुन्हा पुन्हा येऊन बघायला नको. असा सगळा सोयीचा कारभार. त्या दुपारी लाईट गेली तेव्हा बाभळीची एक ढलपी माझ्या दातांत अडकली होती. बाकीचे लिंबाखाली जाऊन बसले. आश्रुबा तेवढा मागे राहिला. थांबलेल्या मशीनला कोण भितो? ढलपी ओढून काढायला त्यानं हात घातला.

आणि लाईट आली.

पुढचं सांगत नाही. मी त्याचं वाईट चिंतलं नव्हतं. लाकूड कोणतं आणि हात कोणता, हे मला कळत नाही, एवढंच. लिंबाखालचे लोक मात्र मशीन घुमल्याचं ऐकून रोजच्यासारखे आळस देत उठले.

मोहनराव अंबाजोगाईच्या दवाखान्यात केळी घेऊन गेले आणि झाकण उद्याच्या उद्या बसवतो म्हणाले. आश्रुबा उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी घेऊन परत आला, तेव्हा झाकण खिळ्यावरच होतं. त्याच्यावर कोणाचा तरी सदरा होता.

पुढे पाऊस पडला, दुष्काळी कामं थांबली, दांडे कोणाला नकोसे झाले आणि सोसायटी बुडाली. आश्रुबानं भरपाई मागितली. द्यायला काही नव्हतं. मग मोहनरावांना युक्ती सुचली: भरपाई म्हणून मलाच आश्रुबाच्या हवाली करावं! ज्या मशीननं बोटं नेली, तीच मशीन बोटांच्या बदल्यात. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि खाली आश्रुबाचा अंगठा उमटला. अंगठा तेवढा शिल्लक होता. बैलगाडीतून मी त्याच्या घरी आले. झाकण आणि पाचर आणायचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

आश्रुबानं मला विकलं नाही, मोडलंही नाही. गरज माणसाला कोणाशीही संसार करायला लावते. तो डाव्या हातानं काम शिकला आणि त्यानं आपल्या मुलाला, त्रिंबकाला, माझ्यासमोर उभं केलं. आमच्या पडवीतून बैलांची जुवं जात, कोयत्यांच्या मुठी जात. दसरा झाला की इकडच्या टोळ्या ऊस तोडायला निघतात, त्यामुळे दसऱ्याआधी दारात रांग लागे. ‘घाटनांदूरचं जू मोडत न्हाई’ असं लोक म्हणत. कौतुक जुवाचं होई, सुताराचं होई; माझं कोणी करत नसे. माझीही तक्रार नव्हती. खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेला, आश्रुबा त्या अंगठ्यानं मलाही कुंकू लावी. पण टेबलाच्या काठाला. पात्याला त्यानं कधीच लावलं नाही.

आश्रुबा गेला. आता तो भिंतीवरच्या फोटोत आहे. फोटोतही उजवा हात उपरण्यात आहे.

त्रिंबकाची बायको विमलबाई. मी घुमू लागले की ती चुलीपुढून उठून उंबऱ्यात येऊन उभी राही आणि मी थांबेपर्यंत हलत नसे. त्या घरात करपलेल्या भाकरी किती झाल्या असतील, त्या सगळ्या माझ्या नावावर धरा. गेल्या वर्षी तिच्या बचत गटाला पोळपाट-लाटण्यांचं मोठं काम मिळालं, तेव्हा तिनं नेम धरला.

“पोळपाट आमचा गट तुमच्याकडूनच करून घील,” ती म्हणाली. “पर नव्या मशीनवर.”

“हिला काय धाड भरली?” त्रिंबक म्हणाला. “अजून लोण्यावानी कापती.”

“तेच म्हणते मी. मामंजीची बोटंबी लोण्यावानीच कापली तिनं.”

त्रिंबक महिनाभर रुसला, मग लातूरला गेला आणि नवरात्राआधी नवी मशीन घेऊन आला. मित्रांनो, मला तिचा हेवा वाटला, लपवत नाही. आरपार दिसणारं झाकण, मागे पाचर, बंद करायला गुडघ्यानंही दाबता येईल असं मोठं लाल बटण. लाकूड पुढे सरकवायला काठी सोबत आलेली, म्हणजे हात लांबच राहतो. आणि लाईट जाऊन परत आली तरी ती आपली आपण सुरू होत नाही. पुन्हा बटण दाबेपर्यंत गप्प बसते. एवढीशी अक्कल. ती माझ्यात असती, तर फोटोतला हात उपरण्याबाहेर असता.

मला कोपऱ्यात ढकललं. भंगारवाला आज येतो, उद्या येतो, असं चाललं. यंदाही पाऊस नाही, गावाला टँकर लागलेत. माझ्या टेबलावर भरलेल्या घागरी आल्या. वायर मात्र तशीच राहिली.

आज खंडेनवमी. सकाळी त्रिंबकानं नव्या मशीनला माळ घातली. तिच्या पायाशी रंधे, पटाश्या, वाकस, हातकरवती, सगळी हत्यारं मांडली, हळदकुंकू वाहिलं. पूजेत बसलेल्या हत्याराला दसऱ्याची सकाळ होईतो हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मला कुंकू मिळालं नाही. भंगाराला कोण कुंकू लावतं?

दुपारी गहिनीनाथ मुकादम आला. ऊसतोडीची टोळी नेणारा माणूस, दारातूनच ओरडत आला.

“त्रिंबक, गाडीचं जू मोडलं बे! उद्या सकाळी बैलं अन् गाड्या ट्रकात चढायच्यात. आजच्या आज पायजे.”

“आज कसं जमल, मुकादम? हत्यारं पूजेत बसलीत.”

“समदी?” गहिनीनाथानं पडवीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. “ती कावून नटली न्हाई मग?”

“ती भंगारात काढली.”

“काढली कुठं? उभी तर हाय. पूजेत न्हाई, म्हंजे मोकळी हाय!”

मित्रांनो, बघा हा हिशेब. जी मशीन बोटं राखते ती आज सोवळ्यात. आणि जिनं बोटं नेली तिला हात लावायला हरकत नाही. त्रिंबकानं माझ्याकडे पाहिलं. जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं, तसं पाहिलं. मग तो घागरी उतरवू लागला.

लाईट नव्हती. त्यानं वायर लावली, बाभळीचा ओंडका आणला आणि माझं बटण दाबून ठेवलं. बापाची सवय. माझ्या दातांत जळमटं झाली होती, भुसा घट्ट बसला होता. तो वाकला आणि बोटांनी तो भुसा उकरू लागला. मला त्याच्या नखांचा स्पर्श कळत होता. ओरडायला मला तोंड नाही. माझा आवाज निघतो तो एकाच वेळी, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

टँकरच्या दिवसांत भरल्या घागरीला विनाकारण कोणी हात लावत नाही. त्या हलल्याचा आवाज ऐकून, पाणी सांडतं की काय म्हणून, विमलबाई देवघरातून पूजेचं ताट घेऊन तशीच बाहेर आली. आणि उंबऱ्यात थबकली.

“बटन बंद करा,” ती म्हणाली.

“लाईट कुठं हाय? आल्यावर कळाया नगं का?”

“मामंजीला कळालं तसं?”

“एक जू चिरतो. मुकादम खोळंबलाय.”

“वैनी, घटकाभराचं काम हाय,” गहिनीनाथ म्हणाला. “देवच आडवा आल्यावर माणसानं करावं काय?”

विमलबाई सरळ भिंतीपाशी गेली आणि तिनं वायर उपटली. माझं बटण बंद केलं. ताटात अंगठा बुडवला आणि त्रिंबकाची बोटं जिथं होती, तिथंच, माझ्या पात्याच्या दातांवर कुंकू लावलं. हळद वाहिली. दाराला बांधायची झेंडूची माळ खांद्यावर होती, ती माझ्यावर टाकली. मग पदर सावरून मला नमस्कार केला.

“आता हीबी पूजेत बसली,” ती म्हणाली. “लावा हात.”

त्रिंबकानं हात मागे घेतला. बायकोशी तो संध्याकाळपर्यंत वाद घालू शकला असता. कुंकवाशी कसा घालणार?

तेवढ्यात पडवीतला दिवा लागला. आत पंखा घरघरू लागला.

त्रिंबकानं दिव्याकडे पाहिलं, मग आपल्या पंजाकडे, मग भिंतीवरच्या फोटोकडे. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. गहिनीनाथ आपल्या चपलांकडे बघत होता.

शेवटी तोच खाकरला. “ऱ्हाऊ द्या. उद्या सकाळी पूजा उठली की जू द्या. ट्रकवाल्याला मी चहा पाजत बसवतो.” दोन पावलं गेला आणि वळला. “पर त्रिंबक, एवढी दणकट मशीन भंगारात कावून घालतो बे? माझा भाचा आष्टीला दुकान टाकतोय. सकाळी टेम्पोच घेऊन येतो.”

“न्या की,” त्रिंबक म्हणाला. मला घरातून घालवायचीच त्याला घाई झाली होती.

“आमच्या घरातली ती बोटं,” विमलबाई म्हणाली, “अन् आष्टीच्या पोराच्या काय शेवग्याच्या शेंगा?”

गहिनीनाथ हसला. “वैनी, पोरगं लई हुशार हाय. झाकण बसवून घील की.”

“कवा?”

“बसवल उद्या-परवा.”

त्रिंबक दोघांच्या मध्ये उभा होता. “उद्या बघू,” एवढंच म्हणून तो आत गेला.

मित्रांनो, हा ‘उद्या’ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो मोहनरावांच्या तोंडी होता, आता तो टेम्पोत बसून आष्टीला निघालाय. सोबत झाकण नाही, पाचर नाही.

जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला टाकू नका, पुसा, तेल घाला. मी त्याच्या उलट मागते. लाईट गेली की आधी बटण बंद करा, हे तर कराच. पण माझी दया येऊन मला कोणाच्या दारात नेऊ नका. उद्या पूजा उठली की माझा पट्टा कापा, मोटर वेगळी करा, पात्याचे दात घणानं सपाट करा आणि मगच भंगारवाल्याला हाक मारा. अख्खी असेपर्यंत मी कोणाची ना कोणाची वाट बघत असते.

पात्यावरचं कुंकू वाळत आलंय. माझ्या दातांना हा रंग याआधी एकदाच लागला होता. सकाळी टेम्पोचा आवाज आला, तर त्रिंबकाला सांगू नका. आधी विमलबाईला उठवा.