बुचाचा वास

झेनोव्हिया बाईंनी लाल द्रावणाची कुपी खिडकीशी धरून पाहिली आणि दुसऱ्या हाताने मोरीचा नळ सोडला.

“बाई, ओतू नका!” इलिंकाने त्यांचे मनगटच धरले. रोमानियातल्या क्लुज शहरातल्या त्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षांत असे धाडस कुणी केले नव्हते.

“हात काढ. कालपासून लाल आहे, म्हणजे भांडं घाण.”

“सतरा वेळा तपकिरी झालं, बाई. हे अठरावं. महिनाअखेर प्रबंध द्यायचाय, हातात एवढंच आहे.”

“चमत्कार हवेत तर मठात जा. इथं भांडी घासतात.”

रक्ताला रंग देणारे लोह ज्या वलयात बसते, तशाच वलयातले लोह त्या कुपीत होते आणि त्याला नायट्राइट जोडलेला होता. ही सोयरीक टिकत नाही, असे बाईंच्याच पुस्तकात छापलेले होते. एक नायट्राइट आपला ऑक्सिजन दुसऱ्याला देऊन टाकतो आणि घटकाभरात सारे तपकिरी होते.

“ओता मग. पण आधी बूच हुंगा.”

बाईंनी बूच नाकाशी नेले. कुजक्या मासळीचा वास. पिरिडीन, प्रयोगशाळेतलेच एक द्रावक. बुचे फेकायची नाहीत, कॉफीच्या डब्यात जपायची, हा नियम टंचाईच्या वर्षांत त्यांनीच घातला होता. कोणत्या बाटलीचे बूच पुढे कोणत्या कुपीवर बसेल, याला धरबंध नव्हता.

“घाणच आहे,” त्या म्हणाल्या.

“घाणच. पण त्या घाणीनंच ते धरून ठेवलं असेल तर?”

नळ बंद झाला. बाईंनी बाह्या सारल्या, दोन कुप्या स्वतः तीनदा विसळून कोरड्या केल्या आणि दोहोंत तेच ताजे द्रावण भरले. एकीत पिरिडीनचा एक थेंब सोडला. काचेची बुचे लावली. कॉफी उकळली, निवली, कुणी प्यायले नाही. एक कुपी तपकिरी झाली. दुसरी आंबट चेरीच्या मद्यासारखी लाल राहिली.

दुसऱ्या दिवशीही लाल. तिसऱ्या सकाळी बाई अंगातला कोट न काढताच तिच्यापुढे उभ्या राहिल्या. पाठीला भिंत मिळालेल्या माणसासारखे ते लोह शांत झाले होते.

“एक थेंब,” त्या पुटपुटल्या. “एवढंसं हवं होतं त्याला.”

मग त्यांनी कपाटाच्या तळातून एक जुनी वही काढली. पानावर बुचाचा गोल डाग होता. शेजारी होरिया मुंत्यानू नावाच्या विद्यार्थ्याचे अक्षर: ‘तिसरा दिवस. अजून लाल.’ त्याखाली बाईंची लाल पेन्सिल: ‘भांडे घाण. याने उद्यापासून येऊ नये.’

इलिंकाने वाचले आणि वही हळूच मिटली.

“आता कुठं असतात ते?”

“तुर्दाला. औषधांचं दुकान आहे.” बाईंनी गळ्यातला लोकरी रुमाल सोडला आणि लाल कुपी त्यात गुंडाळू लागल्या. “बस किती वाजता असते गं?”

“दहाला आहे एक. थांबा, बूच घट्ट करते.” इलिंका काचेच्या बुचावर हात ठेवणार, तोच बाईंनी तिला अडवले.

“ते नको,” त्या म्हणाल्या. “कॉफीच्या डब्यातलं लाव.”