समुद्र न पाहिलेले मंत्री

कडकभाऊंचं इस्त्रीचं दुकान चौकातल्या जिन्याखाली होतं. माणूस स्वभावाने मऊ. नाव पडलं ते त्यांच्या कडक कॉलरींमुळे. सगळ्या गल्लीचे कपडे त्यांच्या हातून जायचे, त्यामुळे कुणाची मुलाखत आहे, कुणाकडे मयत झालीय, हे त्यांना आधी कळायचं. मग ते धावून जायचे. लोकांनी त्यांना नगरसेवक केलं, पुढे आमदार. मग सरकार एका मतावर अडलं आणि त्या मतापायी कडकभाऊ मंत्री झाले. खातं मिळालं मासेमारीचं.

"अहो, समुद्र तरी पाहिलाय का तुम्ही?" बायकोने विचारलं.

"चित्रात पाहिलाय. निळा असतो."

नव्या ऑफिसात गालिच्यावर पावलं वाजत नसत. पडद्यांतून पांढरा उजेड झिरपायचा, माणसं दबक्या आवाजात यायची-जायची. आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वप्नात बसलोय, असं कडकभाऊंना वाटत राहायचं. शेवटी ते सचिवांना म्हणाले, "मला समुद्र दाखवा."

बायकोसह ते बंदरावर पोचले तेव्हा धुकं होतं. समुद्र निळा नव्हताच. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे लागतं ते कळेना. होड्या जणू हवेत टांगलेल्या. भाषणाचा कागद सचिवांच्या हाती देऊन कडकभाऊ घोटाभर पाण्यात उभे राहिले.

जाळं सोडवत बसलेल्या म्हातारीने विचारलं, "नवे मंत्री का तुम्ही?"

"हो, आजी."

"आधीचेही आले होते. गाडीतून उतरले नाहीत." तिने धुक्याकडे बोट केलं. "तिकडे खडकावर दिवा होता. बंद पडला तो पडलाच. माझा थोरला त्याच खडकावर आपटून गेला."

कडकभाऊंची बायको वाळूत बसली आणि तिने जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं.

परतताना सचिव म्हणाले, "साहेब, दिवा बंदर खात्याचा. आपला संबंध नाही."

"मग त्यांच्याकडे जाऊ."

बंदरमंत्र्यांनी हसून वाटेला लावलं. कडकभाऊ दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही, आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. गल्लीत कुणाचं पाणी तोडलं की ते असेच बसायचे. येणारे-जाणारे कुजबुजू लागले. अखेर वैतागून बंदरमंत्र्यांनी दुरुस्तीवर सही केली.

काम पूर्ण होईतो सरकार पडलं. गाडी गेली, सचिव गेले. दिवा लागणार त्या संध्याकाळी दोघं नवराबायको बसने बंदरावर आले. म्हातारीने धक्क्यावर सरकून त्यांना जागा दिली. उजेडाचा पट्टा पाण्यावरून संथ फिरत आला, तिघांच्या चेहऱ्यांवरून गेला आणि लांब समुद्रात विरला. तो पुन्हा फिरला तेव्हा त्यात एक होडी दिसली.

"धाकटा आहे माझा," म्हातारी म्हणाली.

"येऊ दे त्याला," कडकभाऊ म्हणाले. "आम्ही थांबतो."