तळटीप नऊ

महेश्वर हिरेमठांनी शीर्षकाखालचे सुकन्याचे नाव पुसले, मग तिच्या महाविद्यालयाचे, मग सांगोल्याचे. लेख कोणाचा हे परीक्षकाला कळता कामा नये, असा त्या नियतकालिकाचा नियम होता. आणि नियम पाळायचा तर तो शेवटच्या ओळीपर्यंत पाळायचा, असे त्यांचे मत होते.

"सर, ऋणनिर्देशातलं आईचं नाव तरी राहू द्या की."

"आईवरून मुलगी ओळखता येते. लेख स्वीकारला की परत घालू."

"आमच्या तालुक्यात मथुराबाई ढिगानं सापडतील."

"आणि त्यांतल्या कितीजणींच्या मुली मेंढपाळांच्या वाटांवर प्रबंध लिहितात?"

सुकन्या हसली. सांगोल्याच्या महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवीत होती. हा लेख छापला गेल्याशिवाय विद्यापीठ तिचा प्रबंध घेणार नव्हते, आणि प्रबंधाशिवाय कायम जागेच्या मुलाखतीला तिला कोणी बोलावणार नव्हते. महेश्वर तिचे मार्गदर्शक. तिचा लॅपटॉप बिघडल्यापासून ती दर रविवारी एसटीने सोलापूरला येई आणि बाळीवेशीतल्या या खोलीत, सरांच्या संगणकावर काम करी.

समास झाले, संदर्भसूची झाली. मग पडद्यावर नववी तळटीप आली आणि सुकन्याने खुर्ची पुढे ओढली.

"हा माझा आख्खा विभाग होता, सर. पुरुष वाटेला पोहोचायच्या गावाच्या नावानं ओळखतात, बायका वाटेतल्या पाण्याच्या. तुम्ही त्याच्या चार ओळी केल्या."

"एकट्या आईच्या बोलण्यावर विभाग उभा राहत नाही."

"एकटी कशी? आत्या हाय, चुलत्या हायत." चिडली की तिची भाषा गावाकडे वळे.

"त्यांच्या मुलाखती घेतल्यास?"

"घरच्या बायकांची कसली मुलाखत घ्यायची, सर?"

"मग तळटीप."

दारात चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या महेश्वरांच्या पत्नी शरणम्मा आधी कानडीत, मग मराठीत म्हणाल्या, "साकु! पुरे आता. अहो, पोरीला घोटभर चहा तरी पिऊ द्या. तुमच्याशी वाद घालायचा म्हणजे अंगात ताकद नको का?"

चहा होऊन लेख गेला. तळटीप तळाशीच राहिली.

दिवाळी उलटल्यावर दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिला चार ओळींचा होता: लेख छापण्यास हरकत नाही. दुसरा बराच लांब होता. महेश्वरांनी तो कागदावर छापून घेतला आणि नेहमीप्रमाणे हातात पेन्सिल धरली. समोरच्याचे मत ते पेन्सिलीवाचून कधी वाचत नसत. पहिल्या पानावर त्यांनी दोन ठिकाणी समासात प्रश्नचिन्हे काढली. दुसऱ्या पानावर हात थांबला. सुकन्या शेजारून वाकून वाचू लागली.

'नववी तळटीप हाच खरा लेख आहे. ती वर आणावी आणि तिला पुराव्याचा आधार द्यावा. मी स्वतः या वाटांवर मेंढ्यांमागून चाललो आहे आणि त्यांवर लिहिलेही आहे. परंतु मी पुरुषांनाच विचारत राहिलो. हे निरीक्षण खरे असेल, तर माझे प्रतिपादन टिकत नाही. ते मला खरे वाटते.'

या वाटा पायांखाली घालून त्यांवर पुस्तक लिहिणारा माणूस एकच होता. धनाजी कदम. राहायला जुळे सोलापुरात. त्या पुस्तकातले एक लांबलचक वाक्य महेश्वरांनी एका चर्चासत्रात पदापदाने तोडून दाखवले होते आणि सभागृह हसले होते. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोललेले नव्हते.

अभिप्रायाच्या अखेरीस संपादकांसाठी एक परिच्छेद होता. 'फाईलच्या तपशिलात महेश्वर हिरेमठ हे नाव राहून गेले आहे. आमचे संबंध चांगले नाहीत. तेव्हा माझे मत जमेस धरावे की नाही, हे आपण ठरवावे. हा परिच्छेद लेखकाला दाखवण्यास माझी हरकत नाही.' संपादकांनी खाली कळवले होते की दोन्ही मते जमेस धरली आहेत. तळटिपेची सुधारणा करून लेख पुन्हा पाठवावा.

"सगळी नावं तर आपण पुसली होती," सुकन्या म्हणाली.

महेश्वरांनी फाईलचे तपशील उघडले. संगणक आपल्या मालकाचे नाव प्रत्येक फाईलवर आपणहून नोंदवतो. ते तिथे होते, आडनावासकट.

"म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, सर?"

महेश्वरांनी होकारार्थी मान हलवली. मग खोडरबर शोधून पहिल्या पानावरची दोन्ही प्रश्नचिन्हे खोडून टाकली.

पुढच्या सुट्टीत सुकन्याने आईची, आत्याची, चुलत्यांची मुलाखत घेतली. रीतसर, समोर बसून, ध्वनिमुद्रण करून. परतल्यावर तिने पहिली ऐकवली ती मथुराबाईंची. "येवढं काय इचारतीस त्यात? गाव कुटं पळून जातंय व्हय? पानी हाय का न्हाय, ते बाईलाच बघावं लागतंय की." महेश्वरांनी ते वाक्य जसेच्या तसे, एक अक्षर न बदलता, नव्या विभागाच्या आरंभी घातले.

ऋणनिर्देशात मथुराबाईंचे नाव परत आले. त्याखाली महेश्वरांनी 'अनामिक परीक्षकांचे आभार' असे टंकले, पुसले, दुसरे काही लिहिले, तेही पुसले.

"हे सगळेच लिहितात," ते म्हणाले.

"मग आपण वेगळं लिहू की."

"वेगळं लिहिलं तर कोणाला म्हटलं ते कळेल. तसा संकेत नाही."

अखेर सगळेच लिहितात तेच राहिले.

लेख छापून आला, प्रबंध सादर झाला. मुलाखतीचे पत्र आल्याचे सांगायला सुकन्याने फोन केला, तेव्हा तिच्या आवाजामागे मेंढ्यांचा गलका चालू होता आणि कोणीतरी तिला हाका मारीत होते. फोन ठेवल्यावर महेश्वर काही वेळ खिडकीशी उभे राहिले. मग त्यांनी धनाजींचा क्रमांक लावला.

"कदम, मी महेश्वर बोलतोय."

पलीकडून, "बोला."

"माझा एक लेख पडून आहे. जुन्या गद्यावरचा. छापायला देण्याआधी तुम्ही एकदा पाहावा, असं वाटतं."

"मी? तुमचं गद्य? अहो हिरेमठ, माझ्या वाक्याची तुम्ही भर सभेत हाडं मोजलीत."

"तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून विचारतोय."

"कसली नजर घेऊन बसलात!" धनाजी हसले. "दीड वर्ष झालं, छापील अक्षर दिसत नाही मला. काही वाचायचं आलं की नातीला बसवतो. एकेक ओळ दोनदोनदा वाचायला लावतो, तेव्हा कुठं ध्यानात येतं. ती बिचारी कंटाळते."

महेश्वर खुर्चीवर टेकले.

"हॅलो? आहात ना?"

"आहे," ते म्हणाले. "मी वाचून दाखवीन."

"दोनदा?"

"तुम्ही पुरे म्हणेपर्यंत."

"नात चारनंतर घरी असते," धनाजी म्हणाले. "पण तुम्हीच वाचणार असाल, तर कधीही या."