मोरदगडाचं आंदण

टेकचंदच्या घरात आचलचं नाव घ्यायला बंदी होती, आणि ती बंदी खुद्द टेकचंदनंच घातली होती. एकुलत्या एका लेकीनं गोंदियाच्या वीरेंद्रशी कोर्टात जाऊन लग्न केलं. पोरगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक, पण जातीबाहेरचा. त्या दिवशी घरापुढच्या सपरीत उभं राहून, अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात टेकचंद म्हणाला होता, "आजपासून तिचं नाव या घरात निंगाले नाही पाह्यजे!" बायको प्रेमिला त्यावर काही बोलली नाही. भांडणं हा तिचा स्वभाव नव्हता. नवरा जे म्हणेल ते ती अक्षरशः पाळायची, आणि हीच तिची भांडायची रीत होती.

रागाचं काय, उतू जातो आणि खाली बसतो. टेकचंदचा पहिल्याच दिवाळीला बसला. शब्द मात्र उभाच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत. प्रेमिला लेकीशी फोनवर बोलते हे त्याला ठाऊक होतं. तो शेताकडे निघाला की बोलणं सुरू व्हायचं आणि परतून अंगणात खाकरला की बंद पडायचं. विचारावं तरी कसं? जिचं नावच घ्यायचं नाही ती कशी आहे, हे पुसायचं कोणत्या तोंडानं? धान घेऊन गोंदियाला गेला की तो वीरेंद्रच्या दुकानाची गल्ली टाळायचा. आणि मग त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला चहाच्या टपरीवर उगीच दोन कप चहा प्यायचा. दिसली मात्र ती कधीच नाही.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी पुतण्या ओमेशला हैदराबादेत नोकरी लागली. जाताना तो आपला कोपरा फुटलेला टॅबलेट काकाला देऊन गेला. "मंडईतले नाटकं पाहात जा काका, टाइमपास होते," म्हणाला. मंडई म्हणजे तिकडची दिवाळीनंतरची जत्रा, तिथं रात्रभर नाटकं चालतात. धानाची रोवणी होऊन गेली होती, लोंब्या निसवायला आल्या होत्या. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्यानं येत होतं, ते बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घेतलं की दुपारी हाताला काम नसे. टेकचंद सपरीतल्या बाजेवर बसून नाटकं पाहू लागला.

एका दुपारी बोट चुकीच्या ठिकाणी पडलं आणि नाटकाऐवजी खेळ उघडला. ओमेश आणि आचल कॉलेजात असताना आपापल्या फोनवरून हाच खेळ एकत्र खेळायचे. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. डोंगर ठोकळ्यांचे, झाडं ठोकळ्यांची, गायसुद्धा ठोकळ्यांची. खोदायचं, आणायचं, बांधायचं. सुट्ट्यांत दोघांनी हसत हसत टेकचंदलाही शिकवला होता. आता पडद्यावर ओमेशचा ठोकळ्यांचा माणूस एका टेकडीवर उभा राहिला, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटली, 'आचल आली.'

टेकचंदच्या हातून टॅबलेट सुटता सुटता राहिला. दोन वर्षांत ते नाव त्यानं ना ऐकलं होतं, ना लिहिलेलं पाहिलं होतं. समोरून लाल ओढणीची एक ठोकळ्यांची पोरगी उड्या मारत आली आणि अक्षरं उमटली, "ओमेशदादा! काऊन गा, इतक्या दिसांनी?"

तिला वाटलं ओमेश आहे. नाव तर ओमेशचंच होतं. टेकचंदनं एकेक अक्षर शोधत होकार लिहिला, "हाव."

खरं सांगायचा धीरच झाला नाही त्याला. सांगितलं आणि ती निघून गेली तर? त्यापेक्षा ओमेश होऊन राहिलेलं काय वाईट? बाप म्हणून गमावली होती, भाऊ म्हणून तरी जवळ राहील.

टेकडीवर तिचं घर होतं. अजून बांधून पुरं झालेलं नव्हतं. तीन भिंती मोराच्या मानेच्या रंगाच्या दगडाच्या, चौथी बाजू उघडी. त्या दगडाला खेळात काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण पोरांनी त्याला मोरदगड केलं होतं. तो सहजी मिळत नसे. खोल समुद्राच्या तळाशी बुडालेली देवळं असतात, तिथंच सापडतो, आणि राखण करायला काटेरी मासे. आचलनं लिहिलं, "चौथी भिंत राहून गेली दादा. मले टाइम नाही भेटत आता. पाच मिनिटं येतो अन् जातो."

टाइम का मिळत नाही, हे टेकचंदनं विचारलं नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. लेकीच्या लग्नात बाप आंदण देतो. भांडी, पलंग, गाय, ऐपतीप्रमाणे काहीही. त्यानं तर साधा तांब्यासुद्धा दिला नव्हता. मांडव नाही, पाय धुणं नाही, काहीच नाही. आता निदान ही भिंत तरी. त्यानं हैदराबादला फोन लावला. "ओमेश, तो मोरदगड काढाचा कसा?"

"कायले पाह्यजे काका?"

"असाच."

ओमेश हसला. पाण्यात श्वास टिकवायच्या औषधाची लांबलचक कृती त्यानं सांगितली. टेकचंदला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण पाण्याचं काय करायचं हे धानवाल्याला शिकवावं लागत नाही. त्यानं समुद्रात रेतीचे धुरे, म्हणजे बांध, टाकले. जन्मभर शेतात टाकले तसेच, आडवे-उभे. समुद्राच्या बांध्या पाडल्या, आणि एकेक बांधी रेतीनं भरून, मग ती रेती उपसून कोरडी करत गेला. माशांनी चावे घेतले, पण देऊळ उघडं पडलं. पहिला मोरदगड हाती आला तेव्हा हा गडी बाजेवर एकटाच मोठ्यानं हसला. प्रेमिलानं आतून डोकावून पाहिलं आणि परत गेली.

मग रोजचं सुरू झालं. दुपारी दगड काढायचे, टेकडीवर न्यायचे आणि भिंतीचा एक थर रचायचा. एकच. मातीची भिंत एका दिवसात चढवली तर बसते, थर वाळू द्यावा लागतो, हे त्याच्या हाडात भिनलेलं. खेळातला दगड काही वाळत नाही, पण हात ऐकेल तेव्हा ना. आचल यायची, बघायची. "रोज एकच थर काऊन गा?" ती विचारायची, आणि हा लिहायचा, "हाव." कधी ती नुसतीच त्याच्या बाजूला उभी राहायची. पडद्यात सूर्य मावळायचा आणि दोघं टेकडीवरून बघायचे. टेकचंदला वाटायचं, आता लिहावं. बोट अक्षरांवर जायचं आणि तिथंच थांबायचं. तेवढ्यात 'आचल गेली' असं उमटायचं, आणि सपरी एकदम मोठी आणि रिकामी वाटायची. संध्याकाळी ताटावर बसल्यावर तो प्रेमिलाकडं बघायचा, ती भाताकडं बघायची, आणि जेवण उरकायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त त्या खेळात माणसाला भूक लागते. ओमेशच्या झोळीतले भाजलेले कंद संपले. आचलच्या घरात पेटी भरून पाव होते. तिनं सांगूनही ठेवलं होतं, "लागन ते घेजो." टेकचंदनं पेटी उघडून पाहिली आणि बंद केली.

लेकीच्या घरचं अन्न बाप खात नाही. तिच्या पोटी लेकरू होईस्तोवर पाणीसुद्धा पीत नाही. टेकचंदचा बाप टेकचंदच्या बहिणीकडं दरेकशाला जायचा तो भाकर बांधून, आणि तहान लागली तर शेजाऱ्याच्या घरी पाणी मागायचा. आता यावर कोणी म्हणेल, अरे बाबा, खेळातला पाव तो, त्याला ना पीठ ना मीठ. टेकचंदही स्वतःला तेच म्हणाला. पण हात काही गेला नाही. लेकीशी नातं तोडलं होतं ना? मग तिच्या अन्नाचा विटाळ कसला? इतकंच कळत होतं की तो पाव खाल्ला तर आपण तिचे कुणीच उरणार नाही. त्यानं टेकडीच्या पायथ्याशी, तिच्या कुंपणाच्या बाहेर, आपला वेगळा गहू पेरला.

गहू पिकायला वेळ होता आणि भिंतीचा शेवटचा थर बाकी होता. टेकचंद उपाशीच समुद्रात उतरला. झोळीभर दगड काढले. वर येताना माणूस लाल पडू लागला, पावलं जड झाली, आणि काठ समोर दिसत असताना तो कोसळला. झोळीतले मोरदगड पाण्यात विखुरले आणि दिसेनासे झाले. 'ओमेश उपासानं मेला,' असं खेळानं सगळ्या जगाला जाहीर केलं. बरं, त्या खेळात मेलेला माणूस लगेच पुन्हा जन्मतो. तो टेकडीवर तिच्या दारात जन्मला, रिकाम्या हातानं, आणि समोर आचल उभी होती.

"पागल झाला का दादा? पेटीत इतके पाव असून उपाशी मेला?"

तिनं एक पाव त्याच्यापुढं जमिनीवर टाकला. टेकचंद मागं सरला. तिनं पुढं येऊन दुसरा टाकला. तो आणखी मागं सरला, कुंपणापर्यंत.

आचलची ठोकळ्यांची पोरगी जागेवरच थबकली. तिनं वळून चौथ्या भिंतीकडं पाहिलं, एकेक थर चढवलेल्या. मग खाली समुद्राकडं, रेतीच्या धुऱ्यांकडं. टॅबलेट बंद करावा, पळावं, असं टेकचंदला वाटलं, पण बोट हलेना.

"बाबा?"

एवढाच शब्द. टेकचंदचे डोळे भरून आले आणि पडदा दिसेनासा झाला. खोटं बोलायला अजून जागा होती. 'नाही' लिहिलं असतं तर ओमेश होऊन उद्या पुन्हा येता आलं असतं. त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि लिहिलं, "हाव."

ती गेली नाही. 'आचल गेली' हे उमटण्याची तो वाट बघत होता, पण ते उमटलं नाही. उमटलं ते वेगळंच.

"पाव खा बाबा. आता चालते."

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. आता चालते म्हणजे? आणि मग त्याला कळलं. तो बाजेवरून असा उठला की बाज मागच्या भिंतीवर आदळली.

"प्रेमिला!" तो ओरडला. "प्रेमिला, आचलले..."

प्रेमिला चुलीपुढून उठून दारात आली. नवऱ्याच्या तोंडून ते नाव ऐकून ती क्षणभर चौकट धरून उभी राहिली.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "मागच्या वर्षी, रोवणीच्या दिसात. आता पाऊल टाकून राहिली."

"अन् तू मले सांगितली नाही?"

"कशी सांगू? तिचं नाव न घेता तिच्या लेकराचं कसं सांगाचं, तुमीच सांगा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. वर्ष उलटून गेलं होतं. कधी ती जन्मली, कधी पालथी पडली, कधी रांगली, काहीच त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. तो खाली बसला. टॅबलेट मांडीवर घेतला. समोर पाव पडलेला होता आणि पलीकडं त्याची लेक थांबलेली होती. त्यानं पाव उचलला आणि बोट दाबून धरलं. कडम कडम आवाज आला आणि त्या ठोकळ्यांच्या माणसाची भूक भागली. टेकचंदला हुंदका आवरला नाही. प्रेमिलानं त्याला रडताना लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "कशी दिसते वो? कोणासारखी?"

"मले काय मालूम," प्रेमिला म्हणाली. "फोटोत पाह्यली तेवढी."

"तू गेली नाही पाहाले? गोंदियाले?"

"तुमाले सोडून एकटी कशी जाऊ?" ती सरळ त्याच्याकडं बघत म्हणाली. "बाळंतपनालेई नाही गेली मी. आचल फोनवर रडे, अन् मी इकडं बसून रडो. तुमी तवा शेतात राहत होते."

आपल्या एका वाक्यानं दोन घरांत दोन बायका रडत होत्या, हे त्याला इतक्या दिवसांत एकदाही दिसलं नव्हतं. भिंतीचा शेवटचा थर अजून बाकीच होता. पडद्यात संध्याकाळ होत होती, सपरीबाहेर अजून दुपारच होती. जवळच्या कोहमाऱ्याहून गोंदियाला जायला गाडी मिळण्यासारखी होती.

"लुगडं बदल," टेकचंद म्हणाला.

प्रेमिला जागची हलली नाही. तिच्या हाताला अजून पीठ लागलेलं होतं.

"खऱ्याच?" तिनं विचारलं.