मनगटावरची अठरा तारीख

मी एक मनगटी घड्याळ बोलत आहे. आरंभीच कबूल करते : एकोणचाळीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवणाऱ्या बाई परदेशच्या विमानतळावर खोटे बोलल्या, त्या माझ्यापायी; आणि त्यांना उघडे पाडले, तेही मीच.

बाईंनी मला परदेशी राहणाऱ्या नातीसाठी घेतले. अठरा तारखेला ती शिक्षिका म्हणून शाळेत रुजू होणार होती. माझ्या पाठीवर नाव कोरताना दुकानदाराने विचारले, "खाली आजची तारीख घालू?"

"ती आज रुजू होते आहे का?" बाई म्हणाल्या. "अठराच घाला. महिना आणि वर्षही."

त्यांच्या या काटेकोरपणाचा मला केवढा अभिमान वाटला!

नातीकडे जाताना बाईंची धाकटी बहीण सोबत होती. उतरल्यावर फलक दिसला : ठरावीक किमतीवरील भेटवस्तू दाखवून कर भरावा. बाई सरळ त्या खिडकीकडे निघाल्या.

"अगं ताई, घरच्या पोरीला द्यायच्या वस्तूवर कसला कर? हातात घाल. वापरातलं म्हणून कुणी ढुंकूनही बघणार नाही."

"नियम आहे तो."

"झालं! आता इथेही वर्ग भरव. पोरगी बाहेर ताटकळलीये."

आणि बाईंनी, माझा अजूनही विश्वास बसत नाही, माझी डबी बहिणीच्या पर्समध्ये सरकवली व मला मनगटावर चढवले. पट्टा नातीच्या मापाचा. शेवटच्या भोकातही तो त्यांच्या हातात रुतत होता.

दारातल्या अधिकारी बाईंनी विचारले, "घड्याळ नवीन आहे?"

"नाही. माझंच आहे. जुनं."

मी हादरले. माझे काटे फिरत होते, एवढेच.

"मग इतकं घट्ट? जरा काढता का?"

अधिकारी बाईंनी मला उलटे केले. "आज अकरा तारीख. यावर पुढच्या आठवड्यातली तारीख आहे. जुनं म्हणालात ना?"

बहीण पुढे सरसावली, "अहो, ते दुकानदारानं चुकून..."

"गप्प बस," बाई म्हणाल्या. "दुकानदार चुकला नाही. मी खोटं बोलले."

कर भरला, दंडही भरला. बाहेर पडताना बहीण कुजबुजली, "पोरीला यातलं एक अक्षर सांगू नकोस. तिच्या नजरेतून उतरशील."

घरी पोचताच बाईंनी जेवणाच्या टेबलावर मला ठेवले, शेजारी दंडाची पावती ठेवली आणि सारे सांगितले.

नात बघतच राहिली. "आजी, तू? मैत्रिणीचं खोडरबर न विचारता आणलं, म्हणून मला भर उन्हात परत पाठवणारी तू?"

"तीच. हे घालायचं की नाही, ते आता तू ठरव."

मग नातीने मला उचलून मनगटावर बांधले. पट्टा अगदी बेताचा बसला.

त्याच टेबलावर ठरले की, पावती माझ्या डबीतच राहील; आणि वर्गात कुणी खोटे बोलताना सापडले, तर शिक्षा करण्याआधी नातीने मला उलटे करून ही तारीख एकदा वाचायची. नातीने ते मान्य केले. बाईंनी मान्य केले. "माझं नाव तेवढं कुठे घेऊ नका," असे म्हणत शेवटी बहिणीनेही मान डोलावली.