दसऱ्याचं तेल

मी एक जुनी गिअरची सायकल आहे, मित्रांनो. माझी पहिली चार वर्षं भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेली. मग ऋतिकाने मला सेकंडहँड घेतलं आणि मी चाळीसगावजवळच्या तिच्या गावी आले. दिसायला मी साधीच, पण माझ्या ब्रेकचा मला भारी गर्व होता. माझ्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक पोलादी चकती आहे. ब्रेक दाबला की ती चकती चिमट्यात धरली जाते आणि मी जागच्या जागी थांबते. पथ्य एकच, चकती कोरडी हवी; तेल लागलं की चिमटा घसरतो.

ऋतिकाचे वडील हिलाल आबा म्हणजे देवमाणूस. फक्त तेल दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. दसऱ्याला त्यांनी विळे, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर सगळं ओळीने मांडलं आणि मलाही मानाने शेजारी उभं केलं. आधी तेल, मग हळद-कुंकू, मग झेंडूची माळ. "लोखंडले तेल दिधं का ते जनमभर साथ देस," असं म्हणत त्यांनी माझ्या चकत्यांवरही तेलाचा बोळा फिरवला. मी आतल्या आत ओरडले. सायकलीचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

दुसऱ्या दिवशी ऋतिका आणि तिची मैत्रीण पलक गावामागच्या डोंगरावर निघाल्या. पलकच्या दादीने, जतनबाईंनी, तिला बजावलं होतं, "एकदा जरी पडलीस, तर सायकल कायमची बंद." घरापासून माथ्यापर्यंत चढच, त्यामुळे ब्रेकला कोणाचा हात लागला नाही. माथ्यावरून खालची खडकाळ वाट पाहून पलक सायकलवरून उतरली.

"माझी घे," ऋतिका म्हणाली. "हिचे ब्रेक बोट लावलं तरी लागतात."

स्वतःचं कौतुक ऐकून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

पहिल्याच वळणावर पलकने ब्रेक दाबले. चिमटे नुसतेच घसरले. "ऋतिका, लागतच नाहीयेत!" ती किंचाळली. मी काय करणार? बाभळीच्या काट्यांना घासून आम्ही दोघी नाल्यातल्या धोंड्यावर आदळलो. पलकचं मनगट मोडलं.

मला उचलताना ऋतिकाच्या बोटांना चकतीवरचं हळदीचं पिवळं तेल लागलं. तिला सगळं कळलं. पण घरी आबा कासावीस होऊन विचारू लागले, "पोर कशी पडनी वं?" त्यांच्या भोळ्या चेहऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "मनीच चूक शे, आबा. मी तिले चुकीनी वाट दाखाडी."

मग तिने माझ्या चकत्या गुपचूप घासून कोरड्या केल्या.

पलकची सायकल विकली गेली. आपल्यालाच ब्रेक दाबता आले नाहीत, असं ती अजून समजते. ऋतिका तिला भेटायला जाते, पण खरं सांगितलं तर ते आबांच्या कानावर जाईल, म्हणून गप्पच परत येते.

आजही ती तिकडेच गेली आहे. ओट्यावर मी आणि आबा दोघेच आहोत. "पडीसनी बेजार व्हयनी बिचारी," ते माझ्या सीटवरून हात फिरवत म्हणतात. "इले तेलपानी करी देस."

मित्रांनो, माया करण्याआधी विचारत जा. आणि कोणाचं मन दुखेल म्हणून खरं गिळू नका. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

आबांनी तेलाच्या कुपीचं झाकण उघडलं आहे.